पौड रस्त्याच्या आत, सहा मीटरच्या गल्लीत पार्किंग + १२ मजले: हरकत घ्यायची तर नेमकी कशावर?

फणस
पुण्यात पौड रस्त्याच्या आतली जुनी कॉलनी आहे, बंगले आणि तीन मजली सोसायट्या. शेजारशेजारचे तीन प्लॉट एकत्र होऊन साधारण ३००० चौ.मी.चा एक प्लॉट झालाय. प्रस्ताव असा: दोन तळघरं, वर एक पार्किंगचा मजला, त्यावर १२ मजले, मजल्यावर ८ फ्लॅट, म्हणजे ९६. आधी तिथे तीस बिऱ्हाडं होती. मूळ लेआउटमध्ये गल्ली ६ मीटरची. आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांवर.

कॉलनीच्या पत्राचा मसुदा फिरतोय. त्यात 'शांतता भंग पावेल', 'कॉलनीचं व्यक्तिमत्त्व हरवेल', 'ऊन अडेल', 'पाणी पुरणार नाही' असं सगळं एका परिच्छेदात कोंबलंय. असली पत्रं फायलीला लागतात आणि तिथेच राहतात हे माहीत आहे. यातलं काय टिकतं, कोणाकडे न्यायचं आणि कधी, हे जाणकारांनी सांगावं. 'बिल्डर लोक असेच' हे सगळ्यांना पाठ आहे, ते वगळून.

चहाबिस्किट
रुमाल टाकून ठेवतोय.

नकाशा-डबा
मसुदा बाजूला ठेवा आणि आधी टेप घ्या. या प्रकरणाचा जीव रस्त्याच्या रुंदीत आहे.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (युडीसीपीआर) डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्या ६-जी तक्त्यात बिगर-दाटवस्तीचा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा) रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे. मूळ एफएसआय १.१० सगळ्यांना. ९ मीटरच्या खालचा रस्ता असेल तर तेवढाच, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) नाही, टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा, विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. ९ ते १२ मीटरला प्रीमियम ०.५० आणि टीडीआर ०.४० मिळून २.००. पुढे १२ ते १५ ला २.२५, १५ ते २४ ला २.५०, असं ३० मीटरच्या पुढे ३.०० पर्यंत. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (अ‍ॅन्सिलरी) एफएसआय, अर्थात पैसे भरून.

आता तुमचा प्लॉट:
६ मीटर रस्ता: ३००० × १.१० × १.६ = ५२८० चौ.मी.
९ मीटर रस्ता: ३००० × २.०० × १.६ = ९६०० चौ.मी.

९६ फ्लॅट म्हणजे फ्लॅटमागे १०० चौ.मी. धरले तर बरोबर ९६००. म्हणजे प्रस्ताव ९ मीटर धरून केलेला आहे. रस्ता ६ चाच ठरला तर याच हिशेबाने ५२ फ्लॅट बसतात. जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाला वेगळी प्रोत्साहनपर तरतूद आहे, ती लावली असेल तर आकडा थोडा हलेल, पण तीही एरिया स्टेटमेंटमध्ये (नकाशावरच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात) स्वतंत्र ओळीत दिसते. पत्रातला पहिला प्रश्न एकच असावा: ९ मीटर आले कुठून?

टीडीआर-टपरी
कुठून आले ते सांगतो. कलम २१०.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली मनपा रस्त्याची नवी हद्दरेषा आखू शकते. ६ चा ९ करायचा तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. २०२० मध्ये पुण्याच्या स्थायी समितीत ३२३ रस्ते असे ६ चे ९ मीटर करायचा विषय मंजूर झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. हेतू उघड होता: या गल्ल्यांत टीडीआर वापरता यावा, म्हणजे अडकलेले पुनर्विकास सुटतील.

अडचण अशी की रेषा कागदावर आज येते, जमीन मात्र ज्याचा प्लॉट बांधायला निघेल त्याची तेव्हा मिळते. म्हणजे या बिल्डरने आपल्या दर्शनी बाजूचे दीड मीटर सोडले, समोरचा बंगला तसाच. पुढचे चार बंगले तसेच. रस्ता दात पडलेल्या बोळक्यासारखा, मध्येच रुंद मध्येच अरुंद. मोठ्या रस्त्याला लागतो तिथे ६ तो ६ च.

फणस
@टीडीआर-टपरी, मग कायद्याने तो ९ मीटर धरायचा की नाही?

टीडीआर-टपरी
रेषा रीतसर आखली असेल, म्हणजे जाहीर सूचना, हरकती, समितीची मंजुरी हे सगळं झालं असेल, तर धरतात. म्हणूनच 'प्रत्यक्षात ६ च आहे' एवढं म्हणून भागत नाही. विचारायचं असं: (१) या गल्लीचा २१० चा प्रस्ताव कोणत्या ठरावाने मंजूर झाला, सूचना कधी निघाली, (२) आखणी गल्लीच्या पूर्ण लांबीची आहे की फक्त या प्लॉटपुरती, (३) सोडलेली पट्टी मनपाच्या नावे झाली का, मिळकत पत्रिकेवर फेर पडला का. तिसऱ्यात पुष्कळदा घोळ सापडतो. पट्टी कागदावर दिलेली असते आणि जागेवर बिल्डरची कंपाउंड भिंत जुन्याच रेषेवर पुन्हा उभी राहते, आत विक्री कार्यालय.

तिसरा-मजला
थोडं विरोधात लिहितो, शिव्या झेलायची तयारी आहे.

वनाझ ते गरवारे मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. हजारो कोटी घालून मेट्रो बांधायची आणि तिच्या आसपास बंगले जपून ठेवायचे, मग मेट्रोत बसायचं कोणी? कोथरूडात घर नाही मिळालं की माणूस जातो ताम्हिणीच्या दिशेला, आणि रोज तुमच्याच पौड रस्त्यावरून गाडी आणतो. शिवाय त्या तीन प्लॉटवरच्या तीस बिऱ्हाडांनीही सह्या केल्यात ना? सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बिनलिफ्टच्या इमारती. तिसऱ्या मजल्यावरच्या पंचाहत्तरीच्या आजींना 'कॉलनीचं व्यक्तिमत्त्व' रोज तीन वेळा चढावं लागतं.

वटवाघूळ
+१ आजींना.

रावसाहेब-७
@तिसरा-मजला, घनतेला विरोध कोणी केलाय? ९६ फ्लॅट ३० मीटरच्या रस्त्यावर बांधा की. आणि मेट्रोचा मुद्दा इथे अर्धाच लागू आहे. टीओडी (मेट्रोलगत जास्त बांधकामाला मुभा असलेलं) क्षेत्र स्टेशनपासून ५०० मीटरचं, नकाशावर आखलेलं. चालत दहा मिनिटं म्हणजे हा प्लॉट बहुतेक बाहेरच. आणि आत असला तरी तिथेही एफएसआय रस्ता आणि प्लॉटच्या आकारावरच ठरतो. ४ पर्यंतचा आकडा मोठ्या रस्त्यावरच्या मोठ्या प्लॉटला, गल्लीला नाही. म्हणजे टीओडीचे नियम करणाऱ्यांनाही गल्लीत एवढी गर्दी नको होती.

तिसरा-मजला
हे पटलं. मग पत्रात तसं लिहा. 'घनता नको' म्हणालात की समोरचा अधिकारी तुम्हाला बंगलेवाले म्हणून खोडून टाकतो.

मुरूम
सगळे एफएसआयवर तुटून पडलेत. शेजारच्या बंगल्यांना खरा धोका पहिल्या सहा महिन्यांत आहे, तोही जमिनीखाली.

दोन तळघरं म्हणजे ७ ते ८ मीटर खोल खड्डा. कोथरूडात वर मीटर-दोन मीटर भराव किंवा काळी माती, खाली मुरूम, मग कातळ. जुन्या बंगल्यांचा पाया दगडी बांधकामाचा, मुरमात सव्वा-दीड मीटरवर टेकलेला. शेजारी ८ मीटर उभा खड्डा घेतला की मुरमाचा थर बाजूने मोकळा होतो. उन्हाळ्यात तो उभा राहतो, म्हणून सगळे निर्धास्त असतात. जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले की मुरमाच्या आणि कातळाच्या सांध्यातून पाणी झिरपतं, बारीक माती वाहून येते आणि कड सुटते. कंपाउंड भिंत आधी झुकते, मग पोर्च, मग खोलीचा कोपरा.

काय मागायचं:
- खोदकामाआधी बाजूच्या संरक्षणाचं (शोअरिंग) डिझाइन, आरसीसी सल्लागाराच्या सहीचं. मायक्रोपाइल किंवा सोल्जर पाइल (हद्दीलगत जमिनीत उतरवलेले खांब), मध्ये लॅगिंग (आडव्या फळ्या), कातळात रॉक बोल्ट, उघड्या मुरमाला जाळी लावून गनायटिंग (सिमेंट-वाळूचं मिश्रण फवारणं). 'आम्ही उतार देऊन खोदू' म्हणाले तर सीमेपासून किती मीटर सोडणार ते विचारा. ८ मीटर खोलीला सुरक्षित उतार द्यायला जागाच उरत नाही.
- कातळ फोडायला सुरुंग नको. हद्दीलगत ओळीने जवळजवळ भोकं पाडून (लाइन ड्रिलिंग) कातळ आधी तोडून घ्यायचा, मग ब्रेकर. म्हणजे ब्रेकरचे हादरे तुमच्या पायापर्यंत सलग पोहोचत नाहीत. हादऱ्याच्या तुलनेसाठी खाणींच्या स्फोटांकरता डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) मर्यादा वापरतात: साध्या घरांना ८ हर्ट्झच्या खाली ५ मि.मी. प्रति सेकंद, ८ ते २५ ला १०.
- खड्ड्यातलं पाणी उपसून कुठे सोडणार. गाळासकट पावसाळी गटारात सोडलं की चेंबर महिन्यात बसतं.

आणि तुमच्या बाजूने करायचं ते काम म्हणजे भेगांची नोंद. खोदकाम सुरू व्हायच्या आधी. नंतर केलेल्या नोंदीला किंमत शून्य.

सखू
भेगांची नोंद कशी करायची ते जरा फोड करून सांगाल का? मोबाइलवर फोटो काढले की झालं ना?

मुरूम
@सखू, नुसत्या फोटोंनी भागत नाही. प्रत्येक खोली दारापासून सुरू करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, भिंत क्रमांक देऊन. आधी पूर्ण भिंतीचा फोटो, मग भेगेचा जवळून, शेजारी पट्टी धरून. भेगेची रुंदी मोजायचं पारदर्शक कार्ड मिळतं, ०.१ मि.मी.पासून खुणा असतात. भेगेची दोन्ही टोकं पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख टाका, म्हणजे लांबी वाढली तर लगेच कळतं. मोठ्या भेगांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पीओपीने चिकटवा. सरकलं तर काच तडकते. पट्टी नुसत्या रंगावर चिकटवू नका, रंग खरवडून गिलाव्यावर. नाहीतर रंग सुटतो आणि काच शाबूत राहते.

केसासारखी, नकाशासारखी पसरलेली भेग गिलाव्याची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी विटांच्या सांध्यांतून जाणारी भेग पाया बसल्याची. हा फरक अहवालात लिहून घ्या.

अहवाल स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची सही. बिल्डर सही देत नसेल तर अहवाल रजिस्टर्ड पोस्टाने त्याला, त्याच्या आर्किटेक्टला, आरसीसी सल्लागाराला आणि मनपाच्या बांधकाम विभागाला. पोचपावत्या जपा. बहुतेक वेळा सल्लागाराच्या टेबलावर तो अहवाल पोचला की शोअरिंगचं डिझाइन आपोआप सुधारतं. सही त्याची असते ना शेवटी.

वटवाघूळ
कायद्याची बाजू जोडतो. शेजारच्या जमिनीने आधार द्यायचा हक्क १८८२ च्या इझमेंट कायद्याच्या कलम ७ च्या उदाहरणांत आहे, पण तो नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला. बंगल्याच्या वाढीव वजनाला तो आपोआप नाही. तो वहिवाटीने, म्हणजे वीस वर्षं निर्वेध, मिळवलेला दाखवावा लागतो. पन्नास वर्षांच्या बंगल्याला हे जड नाही. बांधकाम पूर्णत्वाचा जुना दाखला शोधून ठेवा.

गच्चीवरचा-मोगरा
मग उन्हाचंही तसंच ना? कलम १५, वीस वर्षं ऊन घेतलं की हक्क. माझ्या माहितीत हा रामबाण आहे.

वटवाघूळ
@गच्चीवरचा-मोगरा, कलम १५ मध्ये प्रकाश आणि हवा आहे, इमारतीला मिळणारी. गच्चीवरच्या पापडांना नाही :) आणि हक्क सिद्ध झाला तरी कलम ३३ प्रमाणे भरीव नुकसान दाखवावं लागतं. उजेड 'कमी' होणं पुरत नाही. खोली नेहमीच्या वापराला लायक राहत नाही किंवा मालमत्तेची किंमत बरीच घटते, अशा पातळीचं हवं. देखावा आणि खाजगीपणा यांचा हक्क तर जवळजवळ नाहीच. टेकडी दिसायची बंद होते म्हणून कोणी थांबवलेलं नाही.

त्यापेक्षा सामासिक अंतर मोजा. मागच्या आणि बाजूच्या मोकळ्या जागेचा नियम उंचीच्या एक पंचमांश, कमाल १२ मीटर. ४० मीटर उंचीला ८ मीटर. नकाशात उंची कुठून धरलीय, पार्किंगचा मजला वजा केलाय का, तळघराचा रॅम्प त्या ८ मीटरमध्ये घुसलाय का, हे बघा. ऊन त्या अंतरातूनच येणार आहे.

अग्निबाण
रॅम्पचा मुद्दा निघालाच आहे तर अग्निशमन. उंच इमारतीभोवती बंबाला किमान ६ मीटर मोकळा मार्ग, वळणाची त्रिज्या ९ मीटर, आणि ती जमीन ४५ टन वजन पेलणारी हवी. पोडियम किंवा तळघराचा स्लॅब त्या मार्गाखाली येत असेल तर स्लॅब तेवढ्या वजनाचा डिझाइन केलाय का, हे प्राथमिक ना-हरकत दाखल्यात आणि आरसीसी नकाशात जुळतं का बघा. नेहमी बिघडतं ते नंतर: मार्ग नकाशात ६ मीटर, जागेवर ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि कुंड्या लावून ४ मीटर.

पण तुमच्या गल्लीत बंब मुळात इमारतीपर्यंत येतो का? ६ मीटरची गल्ली, एका बाजूला गाड्या लागलेल्या, म्हणजे दोन मीटर गेले. उरले चार. कोपऱ्यावर महावितरणचा फिडर पिलर किंवा विजेचा खांब असेल तर लांब बंब वळत नाही. हे मोजून, फोटोसकट, अग्निशमन अधिकाऱ्याला स्वतंत्र पत्र. बांधकाम विभागाच्या पत्रात जोडपत्र म्हणून घातलं तर ते तिथपर्यंत जातच नाही.

चहाबिस्किट
गल्लीत गाड्या कोणाच्या लागतात? आपल्याच. बंगल्याचं गॅरेज भाड्याने दिलंय आणि गाडी रस्त्यावर, हे दृश्य कुठल्या कॉलनीत नाही ते सांगा.

रावसाहेब-७
सत्य कटू असतं. पुढे चला.

जलमापी
पाणी आणि ड्रेनेज यावर लिहितो, कारण इथे लोक चुकीच्या जागी भांडतात.

पाणी: ९६ फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर. ६४,८०० लिटर रोज. म्हणजे १० हजार लिटरचे साडेसहा टँकर. जुन्या तीस बिऱ्हाडांचे २०,२५० वजा केले तरी ४४,५५० लिटर नवे. 'पाणी पुरणार नाही' असं लिहिलं की उत्तर येतं, 'ना-हरकत दिलेली आहे'. त्याऐवजी ना-हरकत दाखल्याची आणि त्यासोबतच्या हमीपत्राची प्रत मागा. मनपाचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत विकासक स्वखर्चाने पुरवेल अशी हमी पुष्कळदा घेतलेली असते. ती फ्लॅट घेणाऱ्यांनाही माहीत नसते. तसं हमीपत्र असेल तर गल्लीत रोज सहा-सात टँकर येणार हे कागदावरच सिद्ध होतं, आणि मग तो वाहतुकीचाही मुद्दा होतो.

तुमच्या बाजूचा पुरावा म्हणजे दाब. टाकीच्या अलीकडे नळावर ० ते ४ किलोचा प्रेशर गेज बसवा, काहीशे रुपयांची वस्तू. पाणी येतं त्या वेळात सुरुवातीला आणि शेवटाला नोंद, गल्लीच्या दोन टोकांना. मानकाप्रमाणे एकमजली घराला ७ मीटर, दुमजलीला १२ मीटर (पाण्याच्या उंचीत मोजलेला) दाब हवा, म्हणजे गेजवर ०.७ आणि १.२. आत्ताच ०.३ येत असेल तर आणखी ९६ जोडांचा प्रश्न आकड्यानिशी मांडता येतो. गेजच्या आधी कोणी लाइनला थेट मोटर लावली असेल तर आकडे फसवे येतात, ती आधी काढायला लावा.

आता ड्रेनेज. सगळे लिहितात 'जुनी सहा इंची लाइन, मैलापाणी तुंबेल'. हिशेब करा. ६४,८०० चे ८० टक्के ५१,८४० लिटर. दिवसभरात सरासरी सेकंदाला ०.६ लिटर, सकाळच्या गर्दीला तिप्पट धरा, १.८. दीडशे मि.मी.ची लाइन १:६० उताराला पूर्ण भरून सेकंदाला सतरा-अठरा लिटर सहज नेते. लाइन साफ आणि उतार शाबूत असेल तर मैलापाण्याने ती तुंबत नाही. मनपाचा अभियंता हे दोन मिनिटांत दाखवेल आणि तुमचं बाकीचं पत्रही हलकं होईल.

तुंबतं ते पावसाचं पाणी मैलावाहिनीत जोडल्याने. ३००० चौ.मी.वर तासाला ५० मि.मी. पाऊस पडला की दीड लाख लिटर, सेकंदाला जवळजवळ ४२ लिटर. आधी बागा होत्या, निम्मं मुरायचं. आता तळघर हद्दीपर्यंत आणि वर फरशी, मुरायला जागा नाही. हे पाणी सहा इंचीत गेलं की तळमजल्यावरच्या जुन्या बंगल्यांचं संडास उलटं बोलायला लागतं. म्हणून मागणी अशी करा: पावसाळी पाण्याची स्वतंत्र वाहिनी कुठल्या गटाराला जोडणार, त्या गटाराचा व्यास काय, आणि पुनर्भरण खड्ड्यांचा जादा प्रवाह कुठे जाणार. कातळात खड्डा हळू मुरतो, तो पहिल्या पंधरा मिनिटांत भरतो. तोवर स्वतःच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या, आणि दर मेमध्ये उघडून झडप साफ करा. कचरा अडकला की ती उघडीच राहते.

नकाशा-डबा
वाचनखूण साठवली. @जलमापी, उलटं बोलणारं संडास हे पत्रात जसंच्या तसं घालायला हवं.

सखू
पर्यावरण मंजुरी? तिथे जनसुनावणी असते ना, तिथे सगळ्यांनी जायचं.

टीडीआर-टपरी
@सखू, दोन गोष्टी. २००६ च्या अधिसूचनेत बांधकाम प्रकल्प २०,००० चौ.मी.च्या वर गेले तरच येतात, आणि आले तरी त्यांना जनसुनावणीतून सूट आहे. इथे बघायचं ते एवढंच: ते २०,००० म्हणजे एफएसआय नव्हे. तळघर, पार्किंग, सगळे मजले धरून. इथे ९६०० अधिक तीन पार्किंग पातळ्यांचे साधारण ६०००, म्हणजे १५,६००. खाली आहे. पण शेजारचा चौथा प्लॉट 'टप्पा दोन' म्हणून जोडला तर ओलांडू शकतं. तसा चौथा कोणाशी बोलणी करतोय का ते कॉलनीत तुम्हालाच आधी कळेल. एकत्र प्लॉट ४००० चौ.मी. झाला तर १० टक्के मोकळी जागाही सोडावी लागते. ती टाळायला प्रस्ताव मुद्दाम वेगवेगळे ठेवले जातात, म्हणून दोन्ही फायलींतला आर्किटेक्ट आणि रॅम्प एकच आहे का बघायचं.

महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) पानावरही एक नजर टाका. मंजूर बांधकाम आणि 'प्रस्तावित पण अद्याप मंजूर नसलेलं' असे दोन वेगळे आकडे तिथे असतात. १२ मजले मंजूर की ८ मंजूर आणि ४ टीडीआर आल्यावर, हे तिथे कळतं. चार मजले मंजूर व्हायचे असतील तर हरकतीला अजून वेळ आहे.

मुरूम
वाहतुकीत एक जोडतो, बांधकामाच्या काळातली. खड्डा २००० चौ.मी. × ७ मीटर = १४,००० घनमीटर. खोदल्यावर फुगतं, तीस टक्के धरा, १८,२००. हायवा डंपरमध्ये १४ घनमीटर, म्हणजे १३०० खेपा, जाऊन-येऊन २६००. राफ्ट (इमारतीखालचा सलग काँक्रीटचा पाया) ८०० चौ.मी. × १ मीटर असेल तर ८०० घनमीटर काँक्रीट, ६ च्या मिक्सरने १३३ गाड्या, आणि राफ्ट एका दमात ओतावा लागतो म्हणून त्या रात्रभर रांगेत. रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा निवासी भागात ४५ डेसिबल. तेव्हा 'रात्री काम नको' असं मोघम लिहिण्यापेक्षा राफ्टची तारीख आधी कळवा, मिक्सर गल्लीत उभे न करता बाहेर थांबवा, चेंबरच्या झाकणांवर लोखंडी प्लेट टाका, असं मागा. ते मिळतं. जुनं झाकण भरलेल्या मिक्सरखाली पहिल्याच आठवड्यात जातं.

गच्चीवरचा-मोगरा
आणि झाडं? प्लॉटमध्ये एक जुना आंबा आणि दोन कडुनिंब आहेत असं गृहीत धरते.

वटवाघूळ
१९७५ चा झाडांचा कायदा. तोडीची सूचना झाडावर लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस. झाडावरचा कागद पावसात गळून पडतो, म्हणून रोज बघा. ५० वर्षांवरच्या झाडाला २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा आहे. बुंध्याचा घेर मोजून, फोटो काढून वय नोंदवायची मागणी करा. बहुतेक अहवालांत आंबा 'अंदाजे २० वर्षे' असतो. कुठलाही आंबा.

फणस
बरंच मिळालं, सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग: कोणाकडे आणि कधी?

नकाशा-डबा
क्रम सांगतो.

आधी कागद. माहिती अधिकारात 'अवलोकन' मागा, पहिला तास फुकट. फाइल समोर घेऊन काय हवं त्याच पानांची नक्कल, पानाला दोन रुपये. 'सर्व कागदपत्रे द्यावीत' लिहिलंत तर शे-दीडशे निरर्थक पानं येतात आणि नेमकं एरिया स्टेटमेंट राहतं. नावानिशी मागा: मंजूर नकाशे, एरिया स्टेटमेंट, रस्त्याच्या आखणीचा दाखला, २१० चा ठराव, अग्निशमनचा प्राथमिक दाखला, पाणी आणि मलनिःसारणाचे दाखले, सगळी हमीपत्रं. सोबत जुन्या मूळ लेआउटची प्रत. तिच्यावर गल्ली '२० फूट' लिहिलेली सापडेल, तोच तुमचा पाया.

मग पत्रं वेगवेगळी, एका पत्रात एकच विषय, आकडे आणि फोटो. रस्ता आणि सामासिक अंतर बांधकाम विभागाला, प्रत शहर अभियंत्यांना. बंब अग्निशमनला. पावसाळी पाणी मलनिःसारणला. शोअरिंग बांधकाम विभागाला आणि प्रत सल्लागाराला.

वेळ: परवाना निघण्याआधी सगळ्यात उत्तम. निघाला असेल तर जोते तपासणीआधी. एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम ५१ खाली परवाना रद्द किंवा बदलता येतो, पण काम बऱ्यापैकी पुढे गेल्यावर नाही. खोटी माहिती देऊन परवाना घेतला असेल, उदाहरणार्थ नकाशात ९ मीटर दाखवले आणि जागेवर आखणीच झालेली नाही, तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम २५८ आहे. उच्च न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न असतो, 'इतके दिवस कुठे होतात?' सातवा मजला झाल्यावर याला उत्तर नसतं.

रावसाहेब-७
आणि मागणी '५२ फ्लॅटच करा' इथून सुरू करा. 'प्रकल्प रद्द करा' इथून केलीत तर त्या तीस बिऱ्हाडांशी भांडण लागतं आणि बिल्डर बाजूला उभा राहून मजा बघतो.

तिसरा-मजला
याला माझं अनुमोदन. आजींच्या वतीनेही.

फणस
टेपचा एक प्रश्न राहिला. गल्ली मोजताना कुठून कुठपर्यंत? डांबराची कड, फुटपाथ, की कंपाउंड भिंत?

नकाशा-डबा
लेआउटमधल्या हद्दीपासून हद्दीपर्यंत. भिंत हद्दीवर असेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत, दर १० मीटरवर, सगळ्यात अरुंद जागा वेगळी नोंदवून. शंका असेल तर नगर भूमापनाकडून मोजणी आणा. मात्र मोजायच्या आधी गल्लीतून एकदा चालत जा आणि बघा, कोणाची पायरी, गॅरेजचा उतार, तुळशीचा कट्टा, बोगनवेलीची कुंपणभिंत रस्त्यात आलीय. मोजणी अधिकारी तेही लिहितो. पहिली नोटीस मग तुम्हालाच.

फणस
चार नंबरच्या बंगल्याचा ओटा चांगला अडीच फूट बाहेर आहे. आणि पत्रावर पहिली सही त्यांचीच.

चहाबिस्किट
सही खाली घ्या आणि ओटा आत घ्या. याच क्रमाने नको.